सरकते भूपट्ट आणि हिमालयाचा जन्म

पृथ्वीचे बाहेरचे कठीण कवच अखंड नाही. ते लहानमोठ्या भूपट्टांत विभागलेले आहे आणि हे भूपट्ट वर्षाला काही सेंटिमीटर, म्हणजे साधारण नखे वाढतात त्या वेगाने, सरकतात. खंड सरकतात ही कल्पना जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ मध्ये मांडली.

भूपट्ट एकमेकांपासून दूर गेले, की फटीतून शिलारस वर येऊन नवा समुद्रतळ बनतो. अटलांटिक महासागर असाच रुंदावतो आहे. ते एकमेकांना घासले, की भूकंप होतात. दोन खंड एकमेकांवर आदळले, की पर्वत उभे राहतात.

भारतीय भूपट्ट गोंडवन या प्राचीन महाखंडापासून सुटून उत्तरेकडे सरकला. वाटेत, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, लाव्हाचे थरावर थर साचून दख्खनचे पठार घडले. सह्याद्रीच्या कड्यांत ते थर आजही दिसतात. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी हा भूपट्ट आशियाला भिडला. मधल्या टेथिस समुद्राच्या तळावरील खडक चुरगळून वर उचलले गेले आणि हिमालय उभा राहिला. म्हणूनच एव्हरेस्टच्या माथ्यावरील चुनखडकात सागरी जीवांचे जीवाश्म आढळतात. ही टक्कर अजून थांबलेली नाही. त्यामुळे हिमालय आजही उंचावतो आहे आणि त्या पट्ट्यात भूकंपाचा धोका कायम आहे.