नेच्याला वास नसतो

पावसाळ्यात सह्याद्रीच्या कुठल्याही घाटात दरडीवर नेचा फुटलेला दिसतो. पान चुरगळून हुंगलं तर हिरवट दर्प येतो, बाकी काही नाही. तरी पुरुषांच्या परफ्यूमचं एक थोरलं घराणं याच वनस्पतीच्या नावानं चालतं. फुजेर म्हणजे फ्रेंचमध्ये नेचा. १८८२ साली पॅरिसच्या उबिगां या पेढीसाठी पॉल पार्के यांनी ‘फुजेर रॉयाल’ तयार केलं, तेव्हा नक्कल करायला त्यांच्यासमोर वासच नव्हता. तो त्यांनी मनानं रचला. ज्याला आपण ‘पुरुषी वास’ म्हणतो, त्याची एक मोठी वाट इथून निघते.

ती शक्य झाली कूमरिनमुळे. टोंका या झाडाच्या बियांमध्ये असणारा हा पदार्थ विल्यम पर्किन यांनी १८६८ साली प्रयोगशाळेत बनवला. कापून उन्हात टाकलेल्या गवताचा वास, किंचित बदामाकडे झुकणारा. पार्के यांनी त्यावर लॅव्हेंडर ठेवलं आणि तळाला ओकमॉस, म्हणजे ओकच्या सालीवर वाढणारं दगडफूल. आपल्या गोडा मसाल्यातलं दगडफूल आणि हे, दोन्ही शैवाकं, एकाच कुळातली. हे त्रिकूट पुढे दाढीच्या साबणात शिरलं आणि जगभर पसरलं. वडिलांची दाढी झाल्यावर न्हाणीघरात जो वास रेंगाळायचा, तो याच घराण्यातला होता हे मला फार उशिरा उमगलं.

परफ्यूम उलगडतं ते रेणू किती लवकर उडतात त्यानुसार. चटकन उडणारे आधी जातात. संत्र्या-लिंबाच्या सालीतलं लिमोनीन काही मिनिटांत संपतं, लॅव्हेंडर आणि जिरेनियम तास-दोन तास टिकतात, कूमरिन, चंदन, कस्तुरीसारखे वास रात्री सदरा काढतानाही जाणवतात. दुकानात कागदाच्या पट्टीवर पहिल्या मिनिटाला केलेली निवड म्हणूनच फसते. मनगटावर लावून जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबावं, मगच पैसे मोजावेत. याउलट कनौजच्या पारंपरिक अत्तरात अल्कोहोल नसतं. देगेतली, म्हणजे फुलं उकळणाऱ्या हंड्यातली, वाफ भपका या भांड्यातल्या चंदनाच्या तेलात उतरते, त्यामुळे सुरुवातीची उसळी नाही. कानातला फाया सावकाश बोलायला लागतो. आणि तो गुलाबाचा किंवा मोगऱ्याचा असला तरी आपल्याकडच्या पुरुषांना त्यात कधी संकोच वाटला नाही.

युरोपात पुरुषांच्या बाटलीत फुलांचा उजेड आला तो १९६६ मध्ये. ‘ओ सोवाज’ रचताना एदमाँ रुदनित्स्का यांनी हेडिओन वापरलं. जाईच्या अर्कातल्या रेणूचा हा जवळचा भाऊबंद. त्यानं लिंबाला हवा मिळाली, सगळी रचना श्वास घेऊ लागली. मला या साऱ्या काळातलं सर्वांत देखणं काम हेच वाटतं.

मग आला डायहायड्रोमिर्सेनॉल. साबण आणि धुण्याच्या पावडरीत वापरला जाणारा, लिंबू आणि धातूची आठवण देणारा हा रेणू १९८२ च्या ‘द्राकार न्वार’मध्ये ठसठशीतपणे आला आणि १९८८ च्या ‘कूल वॉटर’मध्ये त्याहून पुढे गेला. धुतलेल्या कपड्यांचा वास हाच पुरुषाचा वास, हे समीकरण त्या दशकानं पक्कं केलं. १९९६ च्या ‘अक्वा दि जिओ’नं त्यात समुद्र मिसळला.

२०१५ च्या ‘सोवाज’पासून राज्य आहे अँब्रोक्सनचं. कोकण किनाऱ्यावर ‘व्हेलची उलटी’ पकडल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्या अंबरच्या वासाचा हा मुख्य रेणू. आपल्याकडे अंबरच्या विक्रीला वन्यजीव कायद्यानं बंदी आहे, आणि परफ्यूमवाल्यांना त्याची गरजही उरलेली नाही. क्लॅरी सेज या वनस्पतीतल्या द्रव्यापासून अँब्रोक्सन बनतं. टिकतं खूप, पण दिवसभर एकाच सुरात राहतं. मला त्यात उतार-चढाव सापडत नाही.

दरम्यान ओकमॉसवर बंधनं आली. त्यातल्या अ‍ॅट्रानॉलमुळे काहींच्या त्वचेला अ‍ॅलर्जी होते, म्हणून युरोपीय संघानं तो घटक सौंदर्यप्रसाधनांत निषिद्ध ठरवला. निर्णय योग्यच. पण जुन्या फुजेरांचा तळ त्यानं बदलला. तो आठवावासा वाटला की मी स्वयंपाकघरात जातो, डब्यातलं दगडफूल तव्यावर जरा कोमट करतो आणि तळव्यावर चुरतो. ओली माती, झाडाची साल, थोडा धूर. हुबेहूब नाही, पण वडिलांच्या न्हाणीघराच्या उंबऱ्यापर्यंत नेऊन सोडतं.