विहीर मचूळ का होते?



अलिबागकडच्या मंडळींना वाडीतल्या रहाटाची करकर अजून आठवत असेल. उन्हाळ्यात रहाट फार चालला की समुद्राजवळच्या विहिरीचं पाणी मचूळ व्हायचं. आजी म्हणायची, "विहिरीला जरा विसावा द्या." इथे इस्राएलात आल्यावर कळलं, आजीचं म्हणणं अगदी शास्त्रशुद्ध होतं.

मुलांनो, कार्मेलपासून गाझापर्यंत किनाऱ्याच्या वाळूत आणि कुरकार नावाच्या दगडात पावसाचं पाणी मुरून साठतं. त्याच पाण्यावर इथल्या संत्र्यांच्या बागा वाढल्या. गोडं पाणी हलकं, समुद्राचं जड. भूजलाची पातळी समुद्राहून एक मीटर वर असली, तर ते खाली साधारण ४० मीटरपर्यंत खाऱ्या पाण्याला थोपवून धरतं. म्हणजे वर थोडी घट झाली की खाली केवढं नुकसान बघा! १९५० च्या दशकात तेल अवीवच्या आसपास उपसा फार झाला आणि समुद्र जमिनीखालून आत शिरला. खाऱ्या पाण्याने संत्र्याची पानं कडेने करपतात, ती आम्ही एका मोशावात डोळ्यांनी पाहिली आहेत.

हे मोजतात कसं? आम्ही नर्सेस वॉर्डात चार्ट लिहायचो: पेशंटच्या पोटात किती पाणी गेलं, बाहेर किती पडलं. जमिनीचंही तसंच. जमेला मुरलेला पाऊस आणि शेतातून झिरपलेलं पाणी. खर्चाला उपसा आणि समुद्राकडे वाहून गेलेलं. तपासणीच्या विहिरीत फीत सोडतात, ती पाण्याला टेकली की यंत्र वाजतं. शिवाय पाण्यातलं क्लोराईड तपासतात. नुसता ताप बघून भागत नाही, रक्तही तपासावं लागतं ना, तसं.

१९५९ च्या कायद्याने इथलं सगळं पाणी सार्वजनिक झालं. स्वतःच्या शेतातही परवान्याशिवाय उपसा करता येत नाही. १९६४ मध्ये किन्नेरेतचं पाणी दक्षिणेकडे निघालं. २००५ पासून अश्कलोनला समुद्राचं पाणी गोडं होऊ लागलं. तेल अवीव भागातलं सांडपाणी शुद्ध करून, वाळूत मुरवून नेगेवच्या शेतांना देतात. पण एकदा शिरलेलं मीठ निघायला वर्षानुवर्षं लागतात.

शेमिनी अत्सेरेतला आपण पावसासाठी तफिला करतो. मुलांनो, त्या दिवशी आजी-आजोबांना जरूर विचारा: तुमच्या गावची विहीर गोडी होती की मचूळ?