दुर्मिळ कर्करोग आणि देशोदेशींचे सहकार्य

बडोद्याच्या दांडिया बाजारात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. जेवण झाले की अडकित्त्याने सुपारी कातरावयाची, हा त्या घरांतला जुना परिपाठ. आता अडकित्त्याची जागा पानाच्या गादीवरील माव्याने घेतली आहे, आणि जवळच्या चरोतरात तंबाखूची शेते आहेतच. अशा वस्तीत एखाद्याचे तोंड दिवसेंदिवस कमी उघडू लागते, तिखट सोसवत नाही, गालाच्या आत पांढुरके पट्टे दिसतात. आणि घरचे लोक 'उष्णता झाली' म्हणून स्वस्थ राहतात.

ह्या विकाराची कथा बोधप्रद आहे. १९५२ साली श्वार्ट्झ ह्यांनी त्याचे वर्णन केले, ते केनियातील पाच भारतीय स्त्रियांच्या तोंडांत तो पाहून. पुढच्याच वर्षी मुंबईचे डॉ. जोशी ह्यांनी आपल्या देशातील रुग्णांवरून तो नोंदविला. पाश्चात्त्य वैद्यास जे नवल वाटावे, ते आपल्याकडे गल्लोगल्ली होते! अशा तोंडांपैकी काहींत पुढे कर्करोग उद्भवतो. तंबाखू नसलेली नुसती सुपारीही कर्करोगास कारण होते, हा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेचा निर्णय २००४ साली प्रसिद्ध झाला.

गाल आणि हिरडी ह्यांमधील कर्करोग पाश्चात्त्य देशांत क्वचित आढळतो. म्हणूनच २००८ साली निरनिराळ्या देशांनी कर्करोगांची जनुके वाचण्याचे काम वाटून घेतले, तेव्हा भारताने हा रोग आपल्या वाट्यास घेतला. नवी मुंबईतील खारघरचे टाटा स्मारक केंद्राचे संशोधनालय आणि बंगालमधील कल्याणी येथील राष्ट्रीय जनुकशास्त्र संस्था ह्यांनी तो भार उचलला. रीत समजावयास सोपी आहे. रुग्णाच्या गाठीतील डीएनए आणि त्याच्याच रक्तातील डीएनए शेजारी ठेवून वाचावयाचे. जो फरक आढळेल तो रोगाने घडविलेला. ५० रुग्णांच्या गाठी अशा वाचून आणखी ६० रुग्णांत पडताळा घेतला गेला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत काही बिघाड इतर देशांत ओळखीचे असलेलेच निघाले, तर पाच जनुकांतील बिघाड ह्या रोगात नव्यानेच दिसले. जनुक सापडले म्हणजे औषध सापडले, असे मात्र कोणी समजू नये.

मेंदूच्या काही कर्करोगांची गोष्ट वेगळी. ते सर्वत्रच विरळ. लहान मुलांच्या मेंदूच्या मागील भागात होणारा मेड्युलोब्लास्टोमा हा त्यांतला एक. एका रुग्णालयातील मोजक्या मुलांवरून ठाम काही सांगता येत नाही. देशोदेशींची माहिती एकत्र आल्यावरच २०१० साली बोस्टन येथील सभेत तज्ज्ञांचे एकमत झाले, की हा एक रोग नसून चार निरनिराळे प्रकार आहेत. त्यांपैकी 'विंट' नावाच्या प्रकारातील मुले उपचारांनी बहुधा बरी होतात. साऱ्या मेंदूवर आणि पाठीच्या कण्यावर किरण दिल्याने मुलाची वाढ खुंटते, बुद्धीवरही परिणाम होतो. तेव्हा ह्या मुलांना ते किरण टाळता येतील काय? टाटा केंद्रात हा प्रयोग झाला आणि मुदतीपूर्वीच थांबवावा लागला, कारण काही मुलांत रोग मेंदूच्या अन्य भागांत व कण्यात पुन्हा उद्भवला. हे अपयश लपविले गेले नाही. ते प्रसिद्ध झाले, आणि इतर देशांतील मुलांवर तो धोका पुन्हा ओढवू नये एवढी सोय झाली. किरण अजिबात न टाळता त्यांची मात्रा किती उतरविता येईल, ह्याचे प्रयोग आता चालू आहेत.

बडोद्याहून रात्रीच्या गाडीने मुंबईस गेलेल्या रुग्णापुढेही कधी संमतीचा कागद येतो : गाठीचा तुकडा व थोडे रक्त संशोधनासाठी ठेवावे काय? 'त्यात आमच्या माणसाचा काय लाभ?' असे नातेवाईक विचारतात. प्रश्न रास्त आहे. प्रामाणिक उत्तर बहुधा 'काही नाही' असेच असते, आणि तरीही पुष्कळ जण सही करतात.