रक्तातील पोटॅशियम : कोणते औषध काय करते?

रक्ततपासणीच्या अहवालात पोटॅशियमचा आकडा सर्वसाधारणपणे ३.५ ते ५ यांच्या दरम्यान असावा लागतो. मूत्रपिंडे दुबळी झाली की जादा पोटॅशियम लघवीवाटे पुरेसे बाहेर पडत नाही. आकडा ६.५ च्या पुढे गेल्यास हृदयाचे ठोके बिघडून प्राणावर बेतू शकते. आणि पुष्कळदा रुग्णाला त्याआधी काहीच जाणवत नाही.

अशा वेळी रुग्णालयात शिरेतून कॅल्शियम ग्लुकोनेट देतात. ते काही मिनिटांत हृदयाला संरक्षण देते. पोटॅशियम मात्र कमी करीत नाही. पाठोपाठ ग्लुकोजसह इन्सुलिन आणि वाफेवाटे साल्ब्युटामॉल देतात. त्यामुळे पोटॅशियम रक्तातून पेशींत शिरते. पण काही तासांतच ते पुन्हा रक्तात येऊ लागते. व्यापाराच्या भाषेत ही केवळ मुदतवाढ. देणे फिटलेले नसते. म्हणूनच आकडा उतरताच रुग्णाला घरी नेण्याचा आग्रह धरू नये.

पोटॅशियम शरीराबाहेर काढण्याचे मार्ग निराळे : लघवी वाढविणारे फ्युरोसेमाइड, डायलिसिस आणि आतड्यात पोटॅशियम धरून शौचावाटे नेणारी औषधे. ही औषधे पुड्यांतून मिळतात व पाण्यात कालवून घेतात. कॅल्शियम पॉलिस्टायरीन सल्फोनेट हे त्यांतील जुने औषध. पॅटिरोमरला अमेरिकेत २०१५ मध्ये, तर सोडियम झिर्कोनियम सायक्लोसिलिकेटला २०१८ मध्ये मान्यता मिळाली. पहिल्या दोहोंनी बद्धकोष्ठता होऊ शकते. तिसऱ्यात सोडियम असल्याने अंगावर सूज येऊ शकते. पॅटिरोमर आणि इतर औषधे यांत तीन तासांचे अंतर ठेवतात.

टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांनीही पोटॅशियम वाढते. तरी हृदयाला वा मूत्रपिंडांना जपणारी ही औषधे परस्पर बंद करू नयेत. पुड्यांच्या आधाराने ती चालू ठेवता येतील का, हे डॉक्टरांना विचारावे.

घरातील दोन गोष्टींकडे लक्ष हवे. ‘कमी सोडियमचे’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मिठात बहुधा पोटॅशियम क्लोराइड असते. मूत्रपिंडाच्या रुग्णासाठी ते हितकर नव्हे. तसेच निव्वळ पाण्यावरील उपवासात इन्सुलिन कमी स्रवते. त्यामुळे डायलिसिसवरील रुग्णाचे पोटॅशियम अन्न न घेताही वाढू शकते. अशा रुग्णाने पच्चक्खाण घेण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलावे, आणि घरच्यांनीही त्याला तपाचा आग्रह करू नये.