घोटीचा कारभार : शहराएवढा भार, गावाएवढी चौकट

नाशिक जिल्ह्याच्या इगतपुरी तालुक्यातील घोटी हे गाव भाताच्या व्यापारासाठी आणि भाताच्या गिरण्यांसाठी ओळखले जाते. मुंबई–आग्रा महामार्ग आणि मध्य रेल्वेचा लोहमार्ग यांच्यालगत ते वसलेले आहे, सिन्नरकडे, भंडारदऱ्याकडे आणि वैतरणामार्गे त्र्यंबकेश्वरकडे जाणारे रस्ते येथूनच फुटतात, आणि आसपासच्या वाड्यापाड्यांतील आदिवासी व शेतकरी कुटुंबांची खरेदी-विक्री, दवाखाना, शाळा-महाविद्यालय ही सगळी कामे याच गावाशी बांधलेली आहेत. समृद्धी महामार्गाचा शिर्डी ते भरवीर हा टप्पा मे 2023 मध्ये आणि भरवीर ते इगतपुरी हा टप्पा मार्च 2024 मध्ये वाहतुकीसाठी खुला झाल्यानंतर या परिसरातील जमिनींचे व्यवहार, गोदामे आणि वर्दळ यांना आणखी गती मिळाली. अशा या बाजारगावाचा नागरी कारभार मात्र घोटी बुद्रुकची ग्रामपंचायत पाहत आली आहे. तिच्याकडे कोणती कामे आहेत, त्यासाठी पैसा कोठून येतो आणि रहिवाशाची तक्रार कोणत्या वाटेने पुढे सरकते, हे समजून घेतले म्हणजे महाराष्ट्रातील अनेक मोठ्या गावांच्या अडचणींचा उलगडा होऊ लागतो.

जनगणनेच्या परिभाषेत घोटी बुद्रुक हे ‘जनगणना शहर’ आहे. किमान 5000 लोकसंख्या, दर चौरस किलोमीटरला किमान 400 इतकी घनता आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान 75 टक्के शेतीबाहेरच्या व्यवसायात, या तीन कसोट्यांना उतरणाऱ्या वस्तीला, तिला नगरपरिषद किंवा नगरपंचायत मिळालेली नसली तरी, जनगणना खाते शहर मानते. याचा अर्थ असा की, मोजणीच्या दृष्टीने जे शहर आहे ते कायद्याच्या दृष्टीने गावच राहते, आणि त्याच्या कारभाराला महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 हाच कायदा लागू होतो. या कायद्याखाली सदस्यांची संख्या लोकसंख्येनुसार 7 पासून 17 पर्यंत वाढत जाते. परंतु साडेसात हजार लोकसंख्येनंतर ती 17 वरच थांबते. त्यामुळे आठ हजारांच्या गावाला जेवढे सदस्य असतात, तेवढ्याच सदस्यांनी त्याहून कितीतरी मोठ्या बाजारगावाचे प्रश्न मांडायचे असतात, आणि प्रत्येक सदस्यामागे येणाऱ्या घरांची, दुकानांची, गल्ल्यांची संख्या त्या प्रमाणात फुगत जाते. हीच गोष्ट कर्मचाऱ्यांची आहे. सफाई कामगार, पाणी सोडणारा कर्मचारी, लिपिक आणि शिपाई यांची पदे शासनाने ठरवून दिलेल्या आकृतिबंधात बसवावी लागतात, तर कारभाराचा सचिव म्हणून काम पाहणारा अधिकारी, ज्याला पूर्वी ग्रामसेवक किंवा ग्रामविकास अधिकारी म्हणत आणि 2024 पासून ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, तो जिल्हा परिषदेचा नोकर असतो. नगरपरिषदेकडे असतो तसा स्वतःचा अभियंता, नगररचनाकार किंवा आरोग्य निरीक्षक ग्रामपंचायतीकडे नसतो. बांधकामाचे अंदाजपत्रक करून घ्यायचे असेल, तरी तिला पंचायत समितीच्या किंवा जिल्हा परिषदेच्या अभियंत्याची वाट पाहावी लागते.

पैशाचा विचार केल्यास हा विसंवाद अधिक ठळक होतो. ग्रामपंचायतीचे स्वतःचे उत्पन्न मुख्यतः घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर, आरोग्य कर आणि बाजारात बसणाऱ्या विक्रेत्यांकडून घेतली जाणारी फी यांतून येते. घराच्या किंवा गाळ्याच्या कर आकारणीची नोंद ‘नमुना 8’ या नोंदवहीत असते आणि तिचाच उतारा रहिवाशांना कर्जासाठी, वीजजोडणीसाठी, वारसनोंदीसाठी लागतो. घरपट्टी पूर्वी इमारतीच्या क्षेत्रफळावर आकारली जात असे. डिसेंबर 2015 मध्ये नियम बदलून ती इमारतीच्या आणि जमिनीच्या भांडवली मूल्यावर, म्हणजे शासनाच्या वार्षिक दरपत्रकातील किमतीवर, बसवली जाऊ लागली. जमिनीच्या किमती चढत असलेल्या गावात या बदलाने उत्पन्न वाढायला हवे. तथापि कर आकारणे आणि कर वसूल करणे यांत मोठे अंतर असते, कारण वसुलीची नोटीस बजावणे, नळजोडणी तोडणे किंवा जप्ती आणणे हे अधिकार कायद्याने दिलेले असले, तरी ज्यांच्या मतांवर निवडून यायचे त्यांच्याच दारावर जप्ती घेऊन जाण्यास कोणतीही पंचायत सहसा धजावत नाही. जे उत्पन्न हाती येते त्यातील 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवणे बंधनकारक आहे, आणि ही तरतूद योग्यच आहे.

उरलेला मोठा आधार वित्त आयोगाच्या अनुदानाचा. केंद्र आणि राज्ये यांच्यात करांची वाटणी सुचवणाऱ्या या घटनात्मक आयोगाने ग्रामीण स्थानिक संस्थांनाही थेट निधी देण्याची पद्धत रुजवली असून, पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात महाराष्ट्रातील या निधीपैकी 80 टक्के वाटा ग्रामपंचायतींना, तर प्रत्येकी 10 टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला देण्यात आला. या निधीचा ‘बंधित’ भाग, जो 2021-22 पासून 60 टक्के ठरला, पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करता येतो, आणि उरलेला ‘अबंधित’ भाग गावाच्या इतर गरजांसाठी वापरता येतो. हिशेबाचा पाया मात्र 2011 च्या जनगणनेतील लोकसंख्या हा आहे. त्यानंतर वसलेल्या वसाहती या हिशेबात येत नाहीत, भाड्याने राहणारे कामगारही त्यात नाहीत, आणि बाजाराच्या दिवशी पंचक्रोशीतून येऊन गावाचे पाणी, रस्ते, शौचालये वापरणारी हजारो माणसे तर कोणत्याच जनगणनेत या गावाच्या नावावर मांडली जात नाहीत. ग्रामपंचायतीवर टीका करताना हा मुद्दा क्वचितच लक्षात घेतला जातो, म्हणून तो येथे आवर्जून नोंदवला पाहिजे.

सेवांमध्ये पाण्याचा प्रश्न सर्वांत संवेदनशील आहे. इगतपुरी हा घाटमाथ्याचा तालुका आहे. इगतपुरीत वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. 1916 मध्ये पूर्ण झालेले दारणा धरण, तसेच मुकणे, भावली आणि ऊर्ध्व वैतरणा ही धरणे याच मुलखात आहेत. या पाण्याचा मोठा भाग इतरत्र जातो: दारणेचे पाणी नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यातून निघणाऱ्या गोदावरी कालव्यांद्वारे निफाड, कोपरगाव, राहाता या भागांना मिळते, वैतरणेचे मुंबईला जाते आणि भावलीच्या पाण्यावर ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्याची योजना आखली गेली आहे. खडक कठीण, उतार तीव्र आणि भूजल साठवण्याची क्षमता कमी असल्याने पावसाळ्यात जलमय असणाऱ्या याच तालुक्यातील वाड्यांना एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहावी लागते. धरणातले किती पाणी कोणत्या गावासाठी राखायचे हे ठरवण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला नसतो. जलसंपदा विभाग आणि जिल्हा प्रशासन ते ठरवतात. ग्रामपंचायतीच्या हाती येते ती त्यानंतरची जबाबदारी, म्हणजे पंपाचे वीजबिल भरणे, जलवाहिनीची गळती काढणे, टीसीएल पावडर टाकून पाणी निर्जंतुक करणे आणि नळाला येणाऱ्या पाण्याच्या वेळा सांभाळणे. 2019 मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनने प्रत्येक ग्रामीण घराला दरडोई दररोज 55 लिटर पाणी नळाने देण्याचे उद्दिष्ट ठेवले. योजनेसाठी पैसा वरून येत असला, तरी ती चालवण्याचा खर्च शेवटी पाणीपट्टीतूनच भागवावा लागतो. टँकर मागायचा असेल, तर ग्रामपंचायतीचा प्रस्ताव, गटविकास अधिकारी व तहसीलदार यांची संयुक्त पाहणी आणि त्यानंतरची मंजुरी असा क्रम पार पडावा लागतो. हा क्रम उन्हाळा सुरू होण्यापूर्वीच हलवला गेला तर त्रास कमी होतो, हे सर्वांना ठाऊक असूनही दरवर्षी तो उशिराच हलतो, आणि ही दिरंगाई अक्षम्य आहे.

कचऱ्याच्या बाबतीत कायद्याने घोटीसारख्या गावांवर एक वेगळे ओझे टाकले आहे. केंद्र शासनाच्या घनकचरा व्यवस्थापन नियम, 2016 मध्ये स्थानिक संस्थांची कर्तव्ये सांगताना नगरपालिकांच्या जोडीला जनगणना शहरांतील ग्रामपंचायतींचाही स्पष्ट उल्लेख करण्यात आला. ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा गोळा करणे, घंटागाडी दारोदार फिरवणे, ओल्या कचऱ्याचे खत करणे आणि उघड्यावर जाळण्यास मज्जाव करणे ही कामे त्यामुळे शहराप्रमाणेच या गावांनाही लागू झाली. म्हणजे कर्तव्ये देताना गावाला शहर मानले गेले, परंतु साधने देताना ते गावच राहिले. बाजारगावाचा कचराही साध्या गावाच्या कचऱ्याहून निराळा असतो. भाजीबाजारातील सड, हॉटेलांतील खरकटे, दुकानांतील प्लास्टिक आणि पुठ्ठा यांचे प्रमाण मोठे असते, तर भातगिरण्यांतून निघणारे तूस इंधन म्हणून विकले जात असले, तरी त्याची बारीक धूळ वस्तीवर येऊ नये याची काळजी घ्यावी लागते आणि ती देखरेख प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कक्षेत येते. कचरा टाकण्यासाठी जागा मिळवणे हा तर सर्वांत अवघड भाग आहे, कारण महामार्गालगतच्या गावात गावठाणाबाहेरचा प्रत्येक तुकडा आता मोलाचा झाला आहे आणि आपल्या शिवाराशेजारी कचरा डेपो कोणालाच नको असतो.

रहिवाशाच्या तक्रारीचा प्रवास समजून घेताना सर्वप्रथम हे ध्यानात घ्यावे लागते की, गावातील प्रत्येक रस्ता, दिवा किंवा गटार ग्रामपंचायतीचे नसते. राष्ट्रीय महामार्ग हा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा, इतर मोठे रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाचे किंवा जिल्हा परिषदेचे, विजेचे खांब महावितरणचे, रेल्वेलगतची जागा मध्य रेल्वेची आणि शेतमालाच्या लिलावाचे आवार कृषी उत्पन्न बाजार समितीचे असते. ही बाजार समिती 1963 च्या स्वतंत्र कायद्याखाली चालते आणि ग्रामपंचायतीला उत्तर देण्यास बांधील नसते. अंतर्गत गल्ल्या, त्यांवरील दिवाबत्ती, गटारे, सार्वजनिक शौचालये, स्मशानभूमी आणि सार्वजनिक रस्त्यांवरील अतिक्रमणे ही मात्र निःसंशय ग्रामपंचायतीची जबाबदारी असून, अतिक्रमण हटवण्याचा अधिकार तिला कायद्याच्या कलम 53 ने दिलेला आहे. सामान्य माणसाला ही हद्दींची गुंतागुंत माहीत नसते आणि ती माहीत असावी अशी अपेक्षाही रास्त नाही. त्यामुळे जी ग्रामपंचायत आपल्या हद्दीबाहेरच्या विषयावरचा अर्जही स्वीकारते, ठराव करून तो संबंधित खात्याकडे पाठवते आणि त्याचा पाठपुरावा करते, ती आपले काम खऱ्या अर्थाने करते असे म्हणावे लागेल.

दाखल्यांच्या बाबतीत रहिवाशाची बाजू आता बरीच भक्कम झाली आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 नुसार जन्म, मृत्यू व विवाह यांची नोंद, नमुना 8 चा उतारा, थकबाकी नसल्याचा दाखला यांसारख्या सेवा ठरावीक मुदतीत मिळणे हा हक्क आहे. मुदत उलटली किंवा अर्ज फेटाळला गेला, तर प्रथम व द्वितीय अपील करता येते, आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. खर्चाची कागदपत्रे पाहायची असल्यास माहिती अधिकार अधिनियम, 2005 खाली अर्ज करता येतो आणि 30 दिवसांत उत्तर देणे बंधनकारक असते.

परंतु या सर्वांहून मोठे साधन ग्रामसभा हे आहे. गावच्या मतदारयादीतील प्रत्येक मतदार तिचा सदस्य असतो. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात, त्यांच्याआधी महिलांची स्वतंत्र सभा भरवावी लागते, आणि मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 यांपैकी कमी असेल तेवढी उपस्थिती गणपूर्तीसाठी पुरते. जमाखर्च, लेखापरीक्षणातील आक्षेप, विकास आराखडा, घरकुलाचे लाभार्थी हे सर्व तिच्यापुढे ठेवावे लागते. गणपूर्तीची ही अट छोट्या गावात सहज पाळली जाते आणि त्या 100 माणसांत अर्ध्या गावाचे प्रतिबिंब पडते; घोटीएवढ्या वस्तीत मात्र त्याच 100 माणसांत फार थोड्या गल्ल्यांचे म्हणणे पोहोचते, आणि गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा तर गणपूर्तीचीही गरज उरत नाही. म्हणूनच मोठ्या गावांत प्रभागनिहाय सभा नियमितपणे घेऊन तेथील मागण्या लेखी स्वरूपात ग्रामसभेपुढे आणणे निकडीचे आहे. ग्रामसभेला गर्दी होत नाही या सबबीवर तिचे महत्त्व कमी लेखणे चुकीचे ठरेल.

अशा गावांना नगरपंचायत किंवा नगरपरिषद द्यावी हा उपाय नेहमी सुचवला जातो. 1965 च्या नगरपरिषद कायद्यानुसार दहा हजार ते पंचवीस हजार लोकसंख्येच्या, गावातून शहराकडे वाटचाल करणाऱ्या क्षेत्रासाठी नगरपंचायत, आणि पंचवीस हजारांच्या पुढे नगरपरिषद, असा ढोबळ क्रम आहे. त्यातून राज्य संवर्गातील मुख्याधिकारी, तांत्रिक कर्मचारी आणि विकास आराखडा तयार करण्याचे अधिकार मिळतात, हा लाभ मोठा आहे. मात्र नगरपंचायतीतही सदस्य 17 च असतात, करांचा बोजा वाढतो, ग्रामीण भागासाठीच्या रोजगार हमी व घरकुल योजनांचा मार्ग बंद होतो आणि ग्रामसभा संपुष्टात येते. शहरांसाठी क्षेत्रसभेची तरतूद महाराष्ट्राच्या कायद्यात झालेली असली, तरी ती प्रत्यक्षात भरवली जाताना क्वचितच दिसते. तेव्हा घोटीसारख्या गावासाठी दर्जा बदलण्याचा विचार करताना मुख्याधिकारी आणि अभियंते यांच्या बदल्यात सरपंचाला उभे करून हिशेब विचारण्याचा मतदाराचा थेट अधिकार सोडून द्यायचा काय, हा प्रश्न त्या निर्णयापूर्वी त्याच ग्रामसभेत, पुरेशा उपस्थितीने आणि सर्व प्रभागांच्या सहभागाने चर्चिला जाणे आवश्यक आहे.