मंडळीतली कुरकुर आणि पाळक

पाळकावरची टीका सहसा एका गोष्टीपुरती राहत नाही. उपदेश लांबला, वर्गणीचा हिशेब वेळेवर मिळाला नाही, आजाऱ्याच्या घरची भेट राहून गेली, गायनमंडळात एकाच घरातली मुले दिसली. तक्रार कुठूनही सुरू होते आणि पाहता पाहता पाळकाच्या बायकामुलांपर्यंत जाते. पाळक बहुधा चर्चच्या आवारातच राहतो, त्याचा पगार मंडळीच्या दानातून येतो आणि रविवारी ज्यांना तो देवाचे वचन सांगतो, त्यांच्याच समितीपुढे त्याला हिशेब द्यावा लागतो. त्यामुळे टीका आपल्या कामावर आहे की आपल्या पाचारणावर, हे त्याला चटकन उमगत नाही. ते उमगले तर अर्धे भांडण तिथेच मिटते.

पहिल्या मंडळीतही कुरकुर होती. यरुशलेमेत विधवांना रोज अन्न वाटले जाई. त्यात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांची तक्रार होती. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात पुढचा प्रसंग आला आहे. तक्रार कोणी केली याची चौकशी प्रेषितांनी केल्याचे तिथे दिसत नाही. त्यांनी सगळ्या शिष्यांना एकत्र बोलावले, वाटपाचे काम आपल्याकडे ठेवले तर वचनाची सेवा मागे पडेल हे मोकळेपणाने सांगितले आणि सात माणसे निवडण्याचा अधिकार मंडळीलाच दिला. निवडलेल्या सातांची नावे ग्रीक आहेत: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना आणि निकलाव. यावरून अनेक अभ्यासक असे मानतात की, ज्या गटाची तक्रार होती त्याच्याच माणसांच्या हाती वाटप सोपवले गेले. टीकेला याहून चांगले उत्तर बायबलमध्ये शोधून सापडणार नाही. प्रेषितांनी स्वतःची बाजू मांडण्यात वेळ घालवला नाही, त्यांनी व्यवस्था बदलली.

सगळीच टीका मात्र अशी खरी नसते. यरुशलेमेचा तट पुन्हा बांधणाऱ्या नहेम्याच्या पुस्तकात दोन्ही प्रकार पाठोपाठ येतात. पाचव्या अध्यायात कर्जाने पिचलेले गरीब आक्रोश करतात: शेते गहाण पडली, मुलेबाळे गुलामीत गेली. नहेम्याला संताप येतो, पण तो आधी मनाशी विचार करतो आणि मगच सरदारांना जाब विचारतो. आपण आणि आपली माणसेही कर्ज देत आलो आहोत, हे तो सभेत सांगतो. सहाव्या अध्यायात त्याचा विरोधक सनबल्लट त्याच्यावर बंडाचा आणि राजा होऊ पाहत असल्याचा आरोप उघड्या पत्रातून करतो. त्याला नहेम्या थोडक्यात उत्तर देतो की असे काही नाही, हे तुम्ही मनचे रचले आहे. मग तो तटाच्या कामाला लागतो आणि तट 52 दिवसांत पुरा होतो. एकाच माणसाने एका आवाजासाठी सभा भरवली आणि दुसऱ्यासाठी काम थांबवले नाही. ज्याचे खरोखर नुकसान होते आहे त्याचा सूर कितीही कडवट असला तरी ऐकावा लागतो. जो केवळ काम बंद पाडू पाहतो त्याला एक वाक्य पुरे.

रोजच्या व्यवहारात काही पथ्ये उपयोगी पडतात. रागाच्या भरात लिहिलेले उत्तर रात्रभर ठेवावे. मंडळीतल्या एखाद्या स्पष्टवक्त्या वडिलांना ‘यात तथ्य किती?’ असे विचारावे. तक्रार पैशांची असेल तर स्पष्टीकरणाऐवजी वह्या पुढे ठेवाव्यात. आणि उपदेशातून टीकाकाराला उत्तर देणे पूर्ण टाळावे. बाकावर बसलेल्याला तिथे उलट बोलता येत नाही. नाव न घेता त्याच्यासाठी केलेली जाहीर प्रार्थनाही त्याला तितकीच लागते.

टीका सोसूनही आपला मुद्दा न सोडणे म्हणजे काय, याचे उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. 1883 मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर त्यांना ख्रिस्ती धर्मात सांभाळून घेणाऱ्यांकडूनही त्यांच्यावर टीका झाली. त्यांतल्याच एक, सिस्टर जेराल्डिन, यांना त्यांचे शाकाहारी जेवण खटके, त्रैक्याविषयीचे त्यांचे प्रश्न गर्वाचे वाटत. पुरुष विद्यार्थ्यांना रमाबाईंनी शिकवू नये असे बिशपांचे मत पडले. हिंदुस्थानात पुरुषांच्या सभांपुढे बोलत आलेल्या बाईंना ते पटणे शक्यच नव्हते. रमाबाईंनी पत्रांतून एकेक मुद्दा घेऊन उत्तरे दिली. एका पुरोहितवर्गाचे जू उतरवून दुसऱ्याचे मानेवर घेणार नाही, हे स्पष्ट कळवले. तरीही जेराल्डिन त्यांच्या ‘आजीबाई’च राहिल्या, आणि आपल्या लहानग्या मुलीला, मनोरमेला, त्यांच्याकडे सोपवायला रमाबाई कचरल्या नाहीत. ही पत्रे जेराल्डिन यांनीच जपून ठेवली. 1977 मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ती पुस्तकरूपाने छापली.

एका प्रकारच्या तक्रारीला मात्र ‘टीका’ म्हणणेच चूक आहे. लैंगिक अत्याचार, मारहाण किंवा पैशांच्या अफरातफरीचा आरोप झाला की, आधी त्या भावाशी एकांतात बोलावे हे मत्तय 18 मधले वचन पुढे केले जाते. पीडित मुलीला तिच्या छळकर्त्यासमोर एकटी बसवण्यासाठी ते वचन नाही. दोन-तीन साक्षीदारांवाचून मंडळीच्या वडिलांवरचा आरोप मानू नये, हे पहिल्या तीमथ्यातले वचनही असेच वारंवार ऐकू येते. पाप करत राहणाऱ्यांचा सर्वांदेखत निषेध करावा, हे त्याला लागून असलेले वचन क्वचितच कोणी काढतो. शिवाय भारतात कायदा स्पष्ट आहे. 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवलीच पाहिजे, पाळक आणि समितीही त्याला अपवाद नाहीत. अशी तक्रार घेऊन कोणी आले तर मंडळीच्या नावाची चिंता बाजूला ठेवावी आणि त्याच दिवशी त्या माणसासोबत पोलीस ठाण्यात जावे.