पोलादी इमारतीत ब्रेसिंग कसं निवडायचं?

मंडळी, विषय ऐकून काहींना वाटलं असेल की तत्त्वज्ञानाच्या माणसाला लोखंडी अँगलशी काय देणंघेणं? माणूस निवड कशी करतो, हा माझा जुना प्रश्न. इमारतीत तो फार स्वच्छ दिसतो, म्हणून आज हा विषय.

आधी मूळ गोष्ट. चार काड्या टोकांना सैल बांधून चौकोन करा आणि कोपरा बोटाने ढकला. एकाही काडीची लांबी न बदलता तो कलतो. आता आत एक तिरकी काडी बांधा. कलायचं तर तिला ताणावं किंवा दाबावं लागेल. भोसरी-चाकणच्या एमआयडीसीत शेडच्या भिंतीत एखाददुसऱ्या चौकटीत फुलीसारखे अँगल दिसतात, ते यासाठीच. वारा किंवा भूकंप, दोन्हींचा आडवा जोर तिथून पायापर्यंत उतरतो. तिरका आधार नकोच असेल तर बीम-कॉलमचे जोड ताठ करता येतात. पण सांगाडा जास्त डुलतो, आणि जोडकाम महागात जातं.

आता निवड. ताणात पोलाद उत्तम, पण दाबात लांब सडपातळ अँगल मधेच वाकतो. प्लॅस्टिकची फूटपट्टी दोन टोकांनी दाबून बघा. भूकंप तर दोन्हीकडून हलवणार! म्हणून एका रांगेत दोन्ही दिशांना कललेले अँगल हवेत. आपलं आयएस ८०० (२००७) सांगतं की ताणातल्या ब्रेसिंगने आडव्या जोराचा ३० ते ७० टक्के वाटा घ्यावा. फुलीत हे सहज साधतं, पण दाराची जागा जाते.

मग आर्किटेक्ट म्हणतो, उलटा ‘व्ही’ करू. म्हणजे खालच्या दोन कोपऱ्यांतून निघून वरच्या बीमच्या मध्यावर भेटणारे दोन अँगल. खाली दार बसतं. पण दाबातला अँगल वाकला की दुसरा एकटाच बीमला खाली ओढतो, म्हणजे बीम दणकट हवा. दार फुकट मिळत नाही. याचीच आडवी आवृत्ती म्हणजे ‘के’: दोन अँगल खांबाच्या मध्यावर भेटतात. इथे एक वाकला की दुसरा खांबालाच आडवा ओढतो. बीम बिघडला तर एका मजल्याचं नुकसान. खांब गेला तर वरचं सगळंच आलं खाली. भूकंपरोधक रचनेत आयएस ८०० ‘के’ला मनाईच करतं.

मला सर्वांत आवडतो तो उत्केंद्री प्रकार. बर्कलीला एगॉर पोपॉव यांनी १९७०च्या दशकात त्यावर महत्त्वाचं काम केलं. यात अँगल मुद्दामच सांध्यापासून थोडा दूर जोडतात. मधे उरलेला बीमचा आखूड तुकडा घरातल्या फ्यूजसारखा आधी नमतो आणि भूकंपाची ऊर्जा पितो. सांगाडा अजिबात नमला नाही तर जो जोर येईल, त्याला आपलं मानक साध्या ब्रेसिंगसाठी ४ने भागू देतं, उत्केंद्रीसाठी ५ने. नीट नमणाऱ्याला एवढी सवलत! पण तो तुकडा आणि त्याचे जोड नेमके बनवणारा फॅब्रिकेटर हवा. साध्या शेडला हा खटाटोप मी सुचवणार नाही.

कुणी विचारेल, पुण्यात एवढं कशाला? २०१६च्या मानकात पुणे तिसऱ्या झोनमध्ये आहे. आणि नकाशाचं म्हणाल, तर ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेपर्यंत किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या झोनमध्ये होतं. तिथली घरं दगडमातीची होती, पोलादाचा संबंध नव्हता. मुद्दा एवढाच, की अपेक्षेपेक्षा मोठा धक्का आला तर आधी काय मोडेल, हे डिझाइन करतानाच ठरवावं लागतं.

शटरसाठी किंवा ट्रक आत घ्यायला एखादा अँगल कापला, तर शेड त्या दिवशी पडत नाही. वजन खांब पेलतच असतात, त्यामुळे मालकाला वाटतं तो अँगल उगीचच होता. कापणं भागच असेल, तर आधी त्याच रांगेतल्या दुसऱ्या चौकटीत ब्रेसिंग बसवा, आणि इंजिनिअरकडून तिथल्या खांबांचा पाया व बोल्ट तपासून घ्या. आडव्या जोरात ब्रेसिंगच्या चौकटीचा एक खांब वर उचलला जातो, आणि नव्या जागचे बोल्ट त्या हिशेबाने घातलेले नसतात.